मावशीवर गेलीय

३ फेब्रुवारी

धाकटी बहीण आज दोन जिने चढून आली आणि दारातूनच बडबडायला लागली. धाप नाही, काही नाही! मी चौदाव्या पायरीला कठडा धरते. दोघींना स्तनाचा कॅन्सर, दोघींचं डाव्याच बाजूचं ऑपरेशन, तीच औषधं, तेवढेच डोस. उपचार संपून वर्ष झालं. मी बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवतेय. ही बँकेत खुर्चीवर बसून पासबुकं छापते. धावले मी – आणि दम हिच्यात!

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

९ फेब्रुवारी

मैदानावर शिट्टी फुंकली. फुसकन हवा गेली. पोरं हसली. मीही हसले – उसनं.

१७ फेब्रुवारी

फुप्फुसांच्या डॉक्टरबाईंनी दोघींचं रक्त घेतलं. संशोधनासाठी. "तुमचं हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. मग धाप एकीलाच का? काही बायकांच्या जनुकांतच काही असतं का, ते शोधतोय आम्ही."

बाहेर पडल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, दे ती पिशवी, मी धरते." धर बाई, तुलाच जमतंय.

आईचे केस तिला, आईचा रंग तिला, आईचा आवाज तिला. आता श्वाससुद्धा तिलाच. आधी जन्मले होते ना मी? मग माझ्या वाट्याला काय आलं – आईचे दुखरे गुडघे!

१८ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची शेजारीण माझ्या लेकीकडे बघून म्हणाली, "अगदी मावशीवर गेलीय हो!" मी ताडकन म्हटलं, "मुळीच नाही. माझ्यावर गेलीय." एकोणीस वर्षं हेच भांडण भांडतेय. नाक माझं, चाल माझी, हट्ट तर माझाच. सगळं नेलं धाकटीने. लेक नाही देणार.

२ एप्रिल

जिन्यात धाकटीने पाठीवर हात ठेवला. मी झटकला. "काय झालं ताई?" "काही नाही." नंतर वाईट वाटलं. थोडंसंच.

२१ एप्रिल

रिपोर्ट आले. माझ्या जनुकांत एक बदल सापडलाय, तिच्यात नाही. "धाप त्यामुळेच लागते, असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण संबंध असावा." छातीठोक! आम्हा दोघींसमोर हाच शब्द मिळाला त्यांना. धाकटी फिसकन हसली, मग मीही.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हणजे मी आळशी झाले नाही, खचले नाही. जन्मतःच आलंय ते.

मग त्यांनी विचारलं, "मुलं?"

"एक लेक."

"तिच्यात उतरला असेल किंवा नसेल. निम्मी-निम्मी शक्यता."

धाकटीने माझा हात धरला. मी झटकला नाही.

२२ एप्रिल

जिन्यात शेजारीण भेटली. धाप लागली होती, तरी मीच तिला थांबवलं. म्हटलं, तुमचंच खरं हो. लेक मावशीवर गेलीय. डोक्यापासून पायापर्यंत, अगदी मावशीवर.