दिव्याखाली सात पिल्लं

४ मार्च

सात! बुटाच्या खोक्यात सात बदकपिल्लं! दूधगाडीवाल्याने दारात खोकं ठेवलं, "तुमच्या ताईंनी दिलंय" म्हणाला आणि पळाला. वर भोकं, आत कलकलाट, झाकणावर चिठ्ठी — "दोन दिवसांची आहेत. यांना आवाज चालत नाही. गारठू देऊ नकोस."

'यांना' म्हणजे भावजींना. पिल्लांना आवाज चालतो. चालतो कसला, धावतो!

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर सख्ख्या थोरल्या बहिणीचे हे पहिले शब्द. 'प्रिय' नाही, 'कशी आहेस' नाही. चिठ्ठी मी खुशीने दोनदा वाचली.

अबोल्याचं कारण मीच. दर रविवारी सदर लिहिते, कुणाची तरी सालं काढते. नवऱ्याच्या रुमालांना मोजून चार घड्या घालणाऱ्या बाईवर लिहिलं होतं. नाव घातलं नव्हतं. ताईने ओळखलं ते ठीक, तिच्या सगळ्या गल्लीने ओळखलं! माफी मागितली नाही. लेख चांगला जमला होता.

आता यांतलं एक जरी दगावलं, तर अबोला मरेपर्यंतचा. आणि या खेपेला तिचं बरोबर असेल.

५ मार्च

लिहायच्या खोलीत टीव्हीचं जुनं खोकं मांडलं. एका टोकाला दिवा, दुसरं टोक मोकळं. खाली जुनी वर्तमानपत्रं — घरात दुसरं आहे काय? वायरमनला बोलावलं. मी दिवा चिमट्याने खोक्याच्या कडेला लावला होता. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, बदकं भाजून खायचा बेत आहे का?"

"नाही हो! पाळायचीत."

"मग चिमटा काढा. एक उडी, एक धक्का, दिवा कागदावर. आधी पिल्लं, मग पडदे, मग तुम्ही."

छताच्या हुकातून साखळी सोडली, वर दुसरी दोरी — एक तुटली तर एक असावी म्हणून. दिव्याला जाळी. वायर खोक्याबाहेरून. जाताना म्हणाला, "तुमचं सदर वाचतो हं. आमच्या वायरमन लोकांवर लिहू नका." लिहायचं डोक्यात नव्हतं. आता आलंय.

६ मार्च

थर्मामीटर छत्तीस दाखवतोय. सातही जण लांबच्या भिंतीला चिकटून, चोची उघड्या, धापा टाकतायत. हुबेहूब आमची संपादकीय बैठक! साखळी चार कड्या वर. आता सातही दिव्याखाली एकमेकांच्या डोक्यावर. दोन कड्या खाली. बत्तीस. पांगली! एक खातंय, एक झोपलंय, एक उगाचच ओरडतंय. हीच घराची खूण.

दुपारी फोन वाजला. ताई! स्वतःहून! आणि कुजबुजत.

"जिवंत आहेत?"

"आहेत. तू कशी —"

"खोकं केवढं आहे?"

"टीव्हीचं."

"अजून मोठं बघ. अंग चोरून राहायला लागलं की जीव वाढत नाही. खोलीला खिडकी आहे ना? कडी आतून लागते ना?"

"ताई, बदकं आहेत. कडी लावणार नाहीत."

"विचारलं तेवढं सांग."

"लागते."

तू इकडे फोन करू नकोस म्हणून बजावलं आणि फोन बंद. दोन वर्षांनी बहीण बोलली आणि कडीबद्दल बोलली!

७ मार्च

सगळ्यात बारक्याचं नाव मुद्रितशोधक. छापलेल्या अक्षरांवर चोच मारत हिंडतो. अनुस्वार विशेष आवडीचे. आमच्या कचेरीतल्यापेक्षा कष्टाळू.

८ मार्च

मुद्रितशोधक उभा राहीना. दोन्ही पाय दोन दिशांना, मध्ये पोट जमिनीला. उचलून उभा केला — पुन्हा फाकला. बाकीचे त्याला तुडवून खायला जातात. हातात घेतला तर छातीची धडधड माझ्या बोटांना लागत होती. माझी त्याला लागत असावी.

तिने फोन करू नकोस म्हणून बजावलं होतं. तरी केला. भावजींनी उचलला. "कोण? काय काम?" चुकीचा नंबर लागल्याचं नाटक केलं, तेही गॅस एजन्सीच्या आवाजात. पन्नाशीला आलेली बाई!

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला, मागे नळ सोडलेला.

"गॅसवाली तूच ना? काय झालं?"

सांगितलं.

"खाली काय अंथरलंयस?"

"वर्तमानपत्र."

"कुठलं?"

"आमचंच. माझीच पानं. गठ्ठाच्या गठ्ठा आहे."

तिने नळ आणखी सोडला. मग म्हणाली, "तुझ्या लिहिण्यावर पाय ठेवला की माणसाचे पाय फाकतात, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय. पिल्लाला आज कळलं."

घाव वर्मी. वर वाक्यही माझ्यापेक्षा चांगलं!

मग भरभर सांगितलं — कागद गुळगुळीत, तो काढ, खरबरीत टॉवेल घाल. मऊ पट्टीने दोन्ही पाय जोड, मध्ये बोटभर अंतर. सैल. दिवसातून दोनदा सोडून बघ. खाणं-पाणी त्याच्या चोचीपाशी ने.

"बरा होईल?"

"लवकर लक्ष दिलं तर होतो. उशीर झाला तर तसाच फरफटत जगतो." नळ बंद झाला, फोनही.

९ मार्च

माझे न्हाणीचे तीनही टॉवेल गेले. अंग रुमालाने पुसते. घड्या किती घालाव्यात ते ताईला विचारायला हवं. (नको!)

पायाला पट्टी बांधलेला मुद्रितशोधक दोन पावलं टाकून तोंडघशी पडतो. पुन्हा उठतो. रविवारचा लेख झालेला नाही. संपादकांना कळवलं, घरात आजारपण आहे. "कोण आजारी?" मी म्हणाले, मुद्रितशोधक. त्यांना वाटलं कचेरीतलाच. फळं पाठवली त्याच्या घरी!

१० मार्च

पाण्याच्या बशीत दोघं बसलेली, चिंब, थरथरत. बदकाला पाण्याची भीती घालायची म्हणजे लेखकाला टाळ्यांची! पण आई नाही, तर पिसांना तेल नाही. भिजली की गारठतात. पुसून दिव्याखाली ठेवली. बशीत गोटे घातले. चोच बुडते, बूड नाही.

१२ मार्च

पट्टी सोडली. उभा राहिला. चालला! सरळ! टॉवेलभर चालला आणि थोरल्याच्या पाठीवर चोच मारून आला. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

ताईचा फोन आल्यावर ते सांगितलं. नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय म्हणाली.

मग मीच म्हटलं, "ताई, तो रुमालांचा लेख. मी लिहायला नको होता."

"लेख खोटा नव्हता," ती म्हणाली. "म्हणून तर राग आला." आणि लगेच, "सकाळी ऊन कुठल्या बाजूने येतं तुझ्याकडे?"

१३ मार्च

आठवडा उलटला. दिवा दोन कड्या वर, पारा एकोणतीसवर. पिल्लं दुप्पट. वास तिप्पट. वायरमन येऊन बघून गेला — पिल्लं बघायला आलो म्हणाला नाही, साखळी तपासायला आलो म्हणाला.

१५ मार्च

ताई आली. पहिल्या गाडीने, न कळवता. पिल्लं न्यायला आली असं समजून मी पुन्हा बुटाचं खोकं काढलं. तिच्या हातात दोन बॅगा. भावजींकडे परत जाणार नाही म्हणाली. दारातच उभी, आत यायला तयार नाही.

"सातही आहेत?"

"सातही."

"मग माझंही निभेल इथे," म्हणाली आणि चपला काढल्या.