सुतळीचा पट्टा तुटला नव्हता

सोमवार, दिनांक ९ मार्च २०२६, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. सुतळीची नखं कापून झाली, हात साबणाने दोनदा धुतले आणि मी हे लिहायला बसलो.

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, अविवाहित, चामड्याचे पट्टे शिवणारा कारागीर, राहणार दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र करीत आहे. गुरुवारी माझी गाठ काढणार आहेत. गाठ कानामागे आहे, मेंदूत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण याचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं उद्या कोण म्हणेल ते मला आजच माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले नव्व्याण्णव चालत घरी जातात. मी उरलेल्या एकाबद्दल विचारलं तेव्हा ते हसले. मला हसू आलं नाही.

हे मृत्युपत्र मुख्यतः एका कुत्रीसाठी आहे. आईवडील हयात नाहीत, त्यामुळे मृत्युपत्र न करता मी गेलो तर वारस माझी थोरली बहीण. म्हणजे कुत्री तिच्या घरी, म्हणजेच तिच्या यजमानांच्या, माझ्या मेहुण्यांच्या हाती. तसं होता कामा नये.

कलम १. सुतळी. राखाडी रंग, लांब पाय, वीतभर कंबर. कायद्याच्या लेखी ती सायकलीसारखी जंगम मालमत्ता आहे, म्हणून मला ती देता येते. मी ती तळमजल्यावरच्या घरमालकीणबाईंना देत आहे. त्या निवृत्त नर्स आहेत आणि कुत्र्यांचा तिटकारा असल्याचं सगळ्यांना सांगतात, पण सुतळीला त्यांच्या दारात साय मिळते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “जिन्यात केस दिसले तर तुझ्या नावाने ओरडेन. तू असशील तरी आणि नसशील तरी.” ही मी संमती धरतो.

सुतळीला धावायला आवडतं. तिला मैदानात दोरीला बांधलेल्या चिंधीमागे धावू द्यावं. सशामागे कधीही सोडू नये. मेहुण्यांनी तिला फिरवून आणतो, औषध देतो, काहीही सांगितलं तरी साखळी त्यांच्या हातात देऊ नये.

कलम २. कारण. गेल्या सप्टेंबरात मेहुणे तिला ‘जरा फिरवून आणतो’ म्हणून घेऊन गेले. मी देऊन टाकली, कारण घरचाच माणूस. ती परत आली तेव्हा तिच्या तोंडाभोवती रक्त होतं आणि ते तिचं नव्हतं.

नापीक माळावर मेहुणे आणि त्यांची मित्रमंडळी गाड्या लावून जमतात. ससा उठवतात, दोन कुत्रे एकदम सोडतात आणि पैजा लावतात. जो कुत्रा सशाला जास्त वेळा वळायला लावतो, त्याला जास्त गुण. म्हणजे सशाने लवकर मरणं कोणालाच परवडत नाही. शेवटी दोन्ही कुत्रे त्याला दोन टोकांनी ओढतात. तेव्हा ससा ओरडतो. एरवी त्याचा आवाज कोणी ऐकलेला नसतो. मेहुण्यांच्या फोनवर मी तो ऐकला आहे. ते तो चित्रफितीसकट पाहुण्यांना दाखवतात.

यावरून त्यांच्याच घरी जेवताना आमचं वाजलं. मेहुणे म्हणाले, “कोल्हा खातोच ना त्याला? आणि तू दिवसभर चामडं कापतोस, ते काय झाडाला लागतं?” सगळे हसले. त्याचं उत्तर आता देतो. मी कोणी संत नाही, मटण खातो. ज्या जनावराचं कातडं माझ्या हाताखाली येतं, त्याच्या मरणाचा विचार मी करतो आणि तो सुखाचा नसतो. पण ते किती वेळ तडफडतं यावर कोणी पैज लावत नाही. कोल्ह्याचं पोट भरलं की कोल्हा थांबतो. तुमची पोटं भरलेलीच होती, भाऊजी. तो ससा तुम्ही खाल्लाही नाहीत. नाल्यात फेकलात.

कलम ३. पट्टा. कुत्रे सोडून सशाची शिकार करणं हा गुन्हा आहे. पण कुत्रा आपणहून सुटून धावला तर तो अपघात. वनरक्षकाने त्याच दिवशी या मंडळींना नाल्यात फेकलेल्या सशासकट पकडलं. कोर्टात मेहुण्यांच्या वकिलांनी सुतळीचा पट्टा टेबलावर ठेवला. बक्कलाजवळची शिवण सुटलेली. कुत्री पट्टा तोडून पळाली, मेहुण्यांचा इलाज चालला नाही, असं त्यांनी सांगितलं. निकालात लिहिलं आहे: ‘पट्ट्याच्या निकृष्ट शिवणीमुळे’. मेहुणे निर्दोष सुटले आणि शिक्षा मला झाली.

तो पट्टा मी माझ्या स्वतःच्या कुत्रीसाठी दुहेरी टाक्याने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवला होता. तो तुटला नव्हता. नंतर कापला होता. हे सांगायला मी कोर्टात मागच्या बाकावरून उठत होतो. शेजारी बसलेल्या ताईने माझा हात मांडीवर दाबून धरला आणि सोडलाच नाही. वनरक्षकासारख्या परक्या माणसाने सशाची बाजू घेतली आणि आम्ही घरची माणसं गप्प बसलो. सशाला मालक नसतो, म्हणून त्याच्या वतीने कोणी ओरडायला येत नाही. कोणाची कोंबडी मेली असती तर दहा जण आले असते.

तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकं म्हणतात, “वकिलापेक्षा याचा पट्टा स्वस्त पडतो.” मी हसून घेतो. मला ते अजिबात आवडत नाही.

कलम ४. बँकेतली शिल्लक थोरल्या बहिणीला, तिच्या एकटीच्या नावाने.

कलम ५. आऱ्या, रापी, ठोकणी आणि शिलाईचा लाकडी चिमटा, ही माझी सगळी हत्यारं मी काम करतो त्या दुकानाच्या मालकांना, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो. निकालानंतर त्यांनी मला कामावरून काढलं नाही आणि त्याबद्दल कधी बोलूनही दाखवलं नाही. हे मृत्युपत्र त्यांनीच अमलात आणावं.

कलम ६. मेहुण्यांना काहीही नाही. विसरून राहिलेलं नाही, ठरवून वगळलं आहे.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता. दोन साक्षीदार लागतात. खालचे औषधवाले लगेच वर आले. शेजारच्या शिंप्यांनी मेहुण्यांचं नाव वाचलं आणि चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. दुसरा साक्षीदार नसेल तर वरचा सगळा कागद रद्दी आणि सुतळी गेली.

तेवढ्यात ताई आली. माझ्यासाठी दवाखान्यात न्यायच्या चादरी घेऊन आली होती. कागद टेबलावर होता. तिने उभ्यानेच वाचायला घेतला. कलम ३ पाशी खुर्ची ओढून बसली.  शेवटपर्यंत वाचून म्हणाली, “सही मी करते.”

मी सांगितलं की ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. तिला दोन्हीपैकी एकच मिळेल. पैसे तिच्या एकटीचे असतील, ते नीट विचार करून ठेवले आहेत.

“मग मला त्यातून काढ.”

“घरी काय सांगशील?”

“ते माझं मी बघेन. तू खोड आधी.”

औषधवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी कलम ४ रद्द केलं. ती शिल्लक आता सुतळीच्या खर्चासाठी घरमालकीणबाईंना. खाडाखोडीवर माझी सही आहे.

मृत्युपत्र करणार: सही

साक्षीदार १: तळमजल्यावरचे औषधविक्रेते. माझ्यासमोर सही झाली. सही

साक्षीदार २: थोरली बहीण. माझ्यासमोर सही झाली. पट्टा माझ्या यजमानांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या शिवणाच्या कात्रीने कापला. मी समोर भाजी निवडत होते. सही

स्थळ: मागची खोली. दिनांक: वरीलप्रमाणे.

हिशेब
दवाखान्यात भरलेली अनामत: १५,०००
दाखला आणि मुद्रांक: ६५०
मास्तरांचं देणं, उचल घेतलेली: २,०००
मेहुण्यांकडून येणं, त्यांनी करून घेतलेले सहा पट्टे: ५,४००. कोर्टानेच माल खराब ठरवला, असं सांगून त्यांनी हे दिले नाहीत. सोडलेले नाहीत. मास्तरांनी ताईची ओळ त्यांना वाचून दाखवून पूर्ण वसूल करावेत आणि पावतीवर ‘चांगल्या मालाचे’ असं लिहावं.