सोडलेल्या पर्यायाची किंमत

प्रिय प्राध्यापिकाबाई,

घरात मी तुला बाळ म्हणतो, पण आज हाच मायना. वैतागलोय मी. कॉलेजात शिकवायचा प्रत्येक तास तू आधी स्वयंपाकघरात माझ्यावर घेऊन बघतेस. पहिल्या वर्षाच्या पोरांना अर्थशास्त्र समजेल की नाही, हे तपासायला म्हातारा बाप बरा सापडला. मला शाळेत एक कवितेचा तास तेवढा आवडायचा. खिडकीबाहेरच्या झाडाची सावली फळ्यावर हलायची, गुरुजी चालीत म्हणायला लागायचे आणि मी कुठल्या कुठे जायचो. असल्या माणसाला तू मागणी-पुरवठा पाजलास. तोही मी चालीवर बसवला, दाढी करताना म्हणतो.

पण घटत्या उपयोगितेचा नियम शिकवणाऱ्या बाईंना तो स्वतःला लागू नसतो का? कॉलेजातून तुझा सकाळचा फोन आला की बरं वाटतं. दुपारचा चालतो. संध्याकाळी पुन्हा 'बाबा, गोळी घेतली का' सुरू झालं की मी फोन उशीखाली सारतो, आणि तू शेजारच्या काकूंना दार वाजवायला पाठवतेस. त्या बिचाऱ्या ओल्या हातांनी येऊन विचारतात, आहात ना हो? आहे म्हणतो, जातोय कुठे.

लहानपणी तुला रंगपेटी नाहीतर उड्यांची दोरी, दोन्हींतलं एक घे म्हटलं, तर तू इतका वेळ लावलास की दुकानदाराने शेवटी स्टूल आणून दिलं. रंगपेटी घेतलीस आणि घरापर्यंत दोरीसाठी रडलीस. तेव्हा मी नुसता चिडलो होतो. तू संधीखर्च शिकवलास तेव्हा उलगडा झाला, की एक घेताना जे दुसरं हातचं सुटतं, तीच घेतलेल्याची खरी किंमत.

आणि तीच तू. परगावच्या त्या विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाईंचा परवा घरी फोन आला. मला तू सांगितलं होतंस की तिथली शिकवायची ती जागा दुसऱ्याला गेली. त्या म्हणाल्या, तुमच्या लेकीने नकार कळवलाय, जरा समजावा, मी आठवडाभर थांबते. तुला विचारलं तर चहा ढवळत म्हणालीस, तुम्हाला सोडून जायचा प्रश्नच नाही, बाबा. प्रश्नच नाही म्हणजे काय? उड्यांच्या दोरीसाठी दुकान अडवून बसणारी पोरगी, आणि एवढी मोठी जागा सोडताना मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस. वर खोटं बोललीस.

तू इथेच राहावंस असं मला वाटतं. नाही कसं म्हणू? संध्याकाळी जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की घर जागं होतं. पण नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, किंमत मोजायची तयारी लागते, हे तुझंच वाक्य. तुझी ती जागा मोजून तुला इथे ठेवायची माझी तयारी नाही. तेव्हा तुझ्याच व्याख्येने माझी मागणी नाही.

म्हणून मी आज तुझ्या आत्याकडे राहायला जातोय, पाहुणा म्हणून नव्हे, कायमचा. तिने खिडकीजवळची कॉट रिकामी केलीये. ती बेसूर गाते, कडक बोलते, ते मी हिशेबात धरलंय. तुला रोज बघायला मिळणार नाही, तेही धरलंय. गोळ्या, चष्मा, दोन स्वेटर घेतलेत. तू घरी असतीस तर मला जाऊ दिलं नसतंस, म्हणून लिहून ठेवलं. खाली गाडी हॉर्न देतेय. उद्या सकाळी त्या बाईंना हो म्हणून कळव.

तुझाच, वैतागलेला,
बाबा