अम्मावन, बटणाला बटण म्हणा

निलंबूर,
मंगळवार

तीर्थरूप अम्मावन यांस,

सौदामिनीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं अम्मायी मामी म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडे सर्व क्षेम, माझा रक्तदाब सोडून. त्याचं कारण तुम्ही आहात.

तुम्ही माझे सख्खे मामा, त्यात निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून इतके दिवस गप्प बसले. आमच्या शाळेतल्या संगणकांवरची ती फुकटची, खुली प्रणाली कुणालाही घरबसल्या सुधारता येते (आणि बिघडवताही), हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. पडद्यावरच्या बटणांना मल्याळम नावं नव्हती. त्यामुळे माझ्यासारख्या अंध माणसांना संगणक वाचून दाखवायचा ते नुसतं 'बटण, बटण, बटण'. नावं द्या, अशी गळ मीच घातली. मला वाटलं, 'जतन करा', 'पुसून टाका' एवढं लिहाल. तुम्ही एकेका बटणावर ललित लेख लिहिलात. ते तपासणारी मंडळी परदेशात, त्यांना मल्याळमचा गंध नाही. एवढं लांबलचक आहे म्हणजे कसून केलं असणार, असं समजून त्यांनी सगळं घेतलं आणि वर तुम्हालाच आपल्या भाषेचं प्रमुख करून टाकलं.

काल शिक्षण खात्याच्या बाई शाळेत आल्या होत्या. माझी दहावीतली मुफीदा, तिलाही दिसत नाही, परीक्षेचे पेपर संगणकावर स्वतः लिहू शकते की तिला लेखनिक द्यायचा, हे त्या ठरवणार होत्या. (आमच्या शाळेतल्या वर्गीस सरांनी लेखनिक आधीच हेरून ठेवली आहे, त्यांच्या मेहुणीची मुलगी. मुफीदा म्हणते, "टीचर, शब्द मी सांगायचे आणि चुका तिच्या? त्यापेक्षा नापास झाले तरी माझी मी होईन.") पोरीने निबंध झकास लिहिला. मग जतन करायला गेली आणि संगणक सुरू झाला, "प्रिय बंधो, जेवण झालं ना? आयुष्यात काही क्षण राखून ठेवावेत, काही सोडून द्यावेत..." आता हे जतनाचं बटण की पुसून टाकायचं, ते तुम्ही सांगता शेवटच्या ओळीत. तिला वाटलं चुकलं, म्हणून ती पुढे गेली, परत मागे आली. परत आलं की तो पहिल्यापासून. प्रिय बंधो, जेवण झालं ना? शेवटी वर्गीस सरच वैतागून म्हणाले, "हो रे बाबा, झालं जेवण, पुढे बोल." बाई हसल्या, मुफीदा रडली, आणि वेळ संपली. येत्या सोमवारी बाई पुन्हा येणार आहेत. तेव्हाही जमलं नाही तर लेखनिक.

सगळ्या बटणांना सुटसुटीत नावं मी काल संध्याकाळीच बसून लिहून पाठवली. त्यावर प्रमुख या नात्याने तुमचं चारचौघांत उत्तर आलं, "मोळे, पोरी, यात भाव नाही." अम्मावन, मला भाव नको आहे, बटण हवं आहे. तुम्ही लहानपणी मला पुस्तकं वाचून दाखवलीत म्हणून मी आज शिक्षिका आहे, हे मी विसरलेले नाही. पण तेव्हाही तुम्हाला मध्येच थांबवायची सोय नव्हती. मला तुमचा राग आला आहे, आणि तुमच्यावर रागावावं लागलं याचं वाईटही वाटतं आहे.

अम्मायीला नमस्कार.

तुमची भाची,
सौदामिनी

ता.क. माझी नावं तुमच्या सहीशिवाय लागू होत नाहीत. शुक्रवारच्या आत 'मंजूर' दाबा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता.क. २. अम्मायीचा आत्ताच फोन आला. आज सकाळी तुमचा मोतीबिंदू काढला, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केली आहे, म्हणून मंजुरीचं पुढच्या महिन्यात बघू, असा तुमचा निरोप. (अम्मायी, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.) बघू नका. मुफीदाही बघत नाही. संगणकाचा आवाज चालू करा आणि कानाने करा. 'मंजूर' आणि 'नामंजूर' शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींची सुरुवात तुम्ही सूर्योदयाने केली आहे, तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत कशालाही हात लावू नका. अडलात तर मुफीदा फोनवर असेल. तिला तुमचं सगळं पाठ झालं आहे.