टाक्यांवर मिश्री

भोपाळ, रविवार

तीर्थरूप आईस,

नमस्कार. रागात करतेय, पण करतेय. फोनवर बोलले की आवाज येत नाही म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून लिहितेय.

मी इथे नीट पोचले. मेसचं जेवण बरं आहे.

हिरडीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस गाल सुजणार, थुंकीत थोडं रक्त दिसणार, हे डॉक्टरीणबाईंनी तुला समोर बसवून सांगितलं होतं. बाहेरून बर्फ लावा, कोमट पेज घ्या, टाके काढेपर्यंत तिथे काही चोळू नका. तू मान डोलावलीस. तुझी मिश्रीची डबी मी मुद्दाम बॅगेत घालून इकडे आणली. तर तू शेजारच्या सत्यवतीकाकूंकडून चिमूटभर मागून आणलीस आणि सूज उतरावी म्हणून थेट टाक्यांवर चोळलीस. सिद्धेशदादाने सगळं सांगितलं. त्याच्यावर ओरडू नकोस.

हिरड्या खराब झाल्या त्या याच मिश्रीने. तंबाखू भाजली म्हणून तिचं औषध होत नाही, आई. आता टाका सुटलाय, आणि वर तू म्हणतेस की आपल्या आचोळ्यातली डॉक्टरच कच्ची.

पत्र मिळेल त्याच दिवशी दादाला घेऊन दवाखान्यात जा आणि बाईंना खरं काय ते सांग. बाबा वेळेवर जेवतात का?

डबी इथे टेबलावर आहे. टाकून देण्याआधी काल उघडली, तर तुझ्या कुशीतला वास आला. मग टाकवली नाही. त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

तुझीच,
क्षितिजा