याडीने शिवलेली पिशवी

जय सेवालाल
मालवण, १२ नोव्हेंबर २०२४

ती. बापू आणि याडीस निकिताचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. याडी फोनवर बोलते कमी आणि रडते जास्त, म्हणून पत्रच लिहिते. पत्र कसं, तिला हवं तितक्या वेळा वाचून दाखवता येतं. कापसाची वेचणी सुरू झाली का?

पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. पास झाले तर या केंद्रात होडी शिकवायला कायम होईन. नाही तर तांड्यात परत, आणि मग बापू आहेत नि त्यांनी हेरून ठेवलेले नवरदेव आहेत!

परीक्षा अशी की, शिडाची होडी एकटीने समुद्रात न्यायची, मुद्दाम उलटी करायची आणि एकटीनेच सरळ करायची. जुवाला बैलजोडी जुंपावी तशा दोन अरुंद होड्या दांड्यांनी जोडलेल्या असतात. तिला कॅटमरान म्हणतात. उलटली की ती कुशीवर पडते. एक होडी पाण्यात, दुसरी वर हवेत, शीड पाण्यावर पसरलेलं. शिडाच्या दोऱ्या सैल सोडायच्या, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं. मग खालच्या होडीवर उभं राहून वरच्या होडीवरून आलेला दोर धरायचा आणि मागे झुकायचं. अंगाच्या भाराने ती उठते. पण माझ्यासारख्या काडीला ती दाद देत नाही. सर म्हणतात, तिथेच समुद्राच्या पाण्याने पिशवी भरून पाठीवर घे, भार वाढेल. विकतची माझ्या खांद्यावरून घसरते. याडी, तू एक शिवून दे ना.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
निकिता

(वेगळा कागद, फक्त बापूंसाठी)

बापू, हे याडीला वाचून दाखवू नका. इथे पहिला नियम शिकवतात तो हा की, उलटली तरी होडी सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसू दे. होडी तरंगत राहते, पोहणारा थकतो. हे ऐकलं आणि मी उठून बाहेर गेले. तीन वर्षांपूर्वी धरणात लखनभाऊ उलट्या डोंग्याला धरूनच तर होता. याडीने काठावरून, सोड ते अन् ये माझ्याकडे, म्हणून हाका मारल्या आणि त्याने हात सोडला. तिचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. डोंगा मात्र संध्याकाळी आपसूक काठाला लागला. कोणतीही आई हाकच मारेल, बापू. तिला हे कधी कळू नये.

*

जय सेवालाल
तांडा, ता. दिग्रस, २८ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास अ. उ. आ.

पिशवी पार्सलने पाठवली आहे. वेगळा कागद मी वाचला आणि चुलीत घातला. तरी झालं ते ऐक.

तुझ्या याडीने ताडपत्री कापली आणि हौसेने कडेला कवड्या नि आरशाची भिंगं टाचायला बसली. पाण्यात कोण पाहणार, म्हणून मी चिडवलं, तर म्हणाली, मासे पाहतील. बऱ्याच दिवसांनी तिची थट्टा ऐकून मला बरं वाटलं. मग पट्टा किती लांब ठेवायचा म्हणून तिने सगळं पुन्हा विचारलं. पिशवी भरायले वेळ लागन, तोवर पोरगी कायले धरून राह्यते, असं म्हणाली. मी गाफील. होडीले, असं सांगून बसलो.

तिची सुई थांबली. म्हणाली, म्हंजे माहा लखन बराबरच करून राह्यलता.

धरणाचं पाणी वेगळं, ती होडी वेगळी, असं मी काहीबाही सांगितलं. तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. तेव्हापासून ती वेचणीला जाते, दोन घास खाते, पण बोलत नाही. पिशवी मात्र पुरी केली. तुला काय निरोप द्यायचा विचारलं, तर नुसती मान हलवली. पोरी, परीक्षा देऊ नको असं मी म्हणणार नाही. पण या घराला पाण्याचं आणखी दुःख सोसणार नाही, एवढं ध्यानात ठेव.

जिवाला जप.
तुझा बापू,
देवीलाल

*

जय सेवालाल
मालवण, १५ डिसेंबर २०२४

ती. बापू आणि याडीस सा. न. वि. वि.

मी पास झाले. हे पत्र सगळं वाचून दाखवा, बापू. आता काही लपवायचं उरलं नाही.

याडी, तुझी पिशवी गळते! जिथे जिथे भिंग टाचलंस, तिथे तिथे सुईच्या भोकातून पाणी झिरपतं. पहिल्यांदा झुकले, होडी अर्धी उठली आणि परत पडली. हात गळून गेले. बचावाच्या बोटीतला राजदीप ओरडला की परीक्षा राहू दे, ते सोड आणि इकडे ये. मी नाही गेले. होडीला धरून खूप रडले आणि पिशवी पुन्हा भरली. या वेळी ती रिकामी होण्याआधीच सगळा भार टाकला. मागून तूच मला ओढते आहेस असं वाटलं. शीड पाण्यातून निघालं आणि होडी सरळ झाली.

धरून राहणं फार अवघड असतं, याडी. मला समोर नुसता किनारा दिसत होता तरी जावंसं वाटत होतं. भाऊला तर तू दिसत होतीस.

जानेवारीत दोघं इकडे या. मी वाट पाहते.
तुमची,
निकिता

*

जय सेवालाल
तांडा, २६ डिसेंबर २०२४

चि. निकितास अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. शेवटचं, लखनला ती दिसत होती ते, तिने पुन्हा वाचायला लावलं, आणि मग गळा काढून रडली. लखन गेला तेव्हा रडली नव्हती तेवढी. मी रडू दिलं.

सकाळी स्वतःहून बोलली. जानेवारीत येऊ म्हणते, किनाऱ्यावर उभी राहीन म्हणते. आणि तुला हे लिहायला सांगितलं आहे. होडी उलटली अन् मी कितीबी हाका मारल्या, तरी येऊ नोको. होडी सरळ कर, मंग ये. मी थांबीन.

दोघांचे आशीर्वाद.
देवीलाल