बदली दे, मग जा

९ नोव्हेंबर १९९८

दिवाळीपासून वहीला हात लावला नाही. रोज म्हणायचं, आज लिहू. मग रस्त्याने कुठलातरी बँड जायचा आणि मी चालले त्याच्या मागे! काल साबण आणायला निघाले ती थेट नाशिक रोड स्टेशनला. गाड्या बघत बसले. साबण राहिलाच.

पण आज लिहिणार. राग आलाय. खो-खोचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझं एक काय ते ठरव. खेळ की बागकाम."

का ठरवू? 'कमवा आणि शिका'त कॉलेजच्या बागेत राबते म्हणून होस्टेलची खोली आहे. ती गेली की गावाकडची, पेठची एसटी, आणि घरी भात झोडायचा. आणि खो-खोच सोडला तर मग इथे राहायचं कशाला?

दोन्ही करणार. बघू कोण अडवतं!

११ नोव्हेंबर

रोपांच्या पिशव्यांत माती भरली आणि तशीच मैदानावर पळाले. खांबावर झेप घेतली — हात चिखलाचे, सटकले! तोंडावर आपटले.

मोहिनी बाहेर बसलेली. आमची राखीव खेळाडू, गंगापूर रोडच्या बंगल्यातली, पांढरेशुभ्र बूट. "माळीणबाई, हात धुऊन येत जा!"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "बूट मळत नाहीत ती राखीवच राहते!"

नंतर मला बाद करायला जिवाचं रान केलं तिने. नाही झाले मी बाद!

१६ नोव्हेंबर

घोळ.

पाइप शेवंतीच्या वाफ्यात सोडला. म्हटलं, भरेपर्यंत एक डाव होईल. डाव असा रंगला की पाइप कुठला आणि वाफा कुठला! निवृत्तीकाका माळी बोंबलत आले तेव्हा रोपं होड्यांसारखी तरंगत होती. मला हसू आलं. तिथंच चुकलं.

"हासतीस व्हय? शनिवारी बाग बघाया पाव्हणे यायचेत. त्या दिशी सकाळधरनं पाइप तुझ्या हातात. आली नाय तर नाव काटतो."

"काका, शनिवारी निफाडला मॅच आहे हो."

"बदली दे, मग जा. कुनीबी चालंल, पन मानूस उभा पायजे."

अंधार पडेपर्यंत एकेक रोप परत लावलं. खो-खो मात्र सोडणार नाही.

१८ नोव्हेंबर

बदली मिळेना. आशाला लायब्ररीत काम. मासूमाला लॅबमध्ये. बाकीच्या सरळ म्हणतात, "पाहुण्यांसमोर चिखलात? नाय बाई."

१९ नोव्हेंबर

सरांनी मोहिनीला सांगितलं, तयार राहा, हिचं काही खरं नाही.

ती नुसती माझ्याकडे बघत होती. जिंकली म्हणायची!

२० नोव्हेंबर

ठरलं. खेळायची हाफपँट आत, वर सलवार, तशीच झोपते. सकाळी टीमची जीप आली की पाइप काकांच्याच हातात देऊन पळणार. काटा म्हणावं नाव! खोली जाईल. जाऊ दे. मैदानावर चादर टाकून झोपेन, पण माझ्या जागेवर दुसरी बसलेली बघणार नाही.



२१ नोव्हेंबर

जीपमध्ये. अक्षर हलतंय.

सकाळी नळाशी पोचले. काका आले, मी पाइप पुढे केला, आणि तेवढ्यात फाटकातून मोहिनी! अनवाणी. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली. काकांना म्हणाली, "हिची बदली मी."

"आणि तुझी मॅच?" माझ्या तोंडून निघालं.

"तू नव्हतीस म्हणून मला घेतलं, असलं खेळणं नकोय मला." पाइप ओढून घेतला. "पळ ना, माळीणबाई!"